गोळेश्वरच्या तालमीतला शागीर्द

तालीम हा शब्द उर्दू बोलणाऱ्या घरात एका अर्थाने वापरला जातो आणि मराठी गल्लीत दुसऱ्या. घरात मुलाची तालीम म्हणजे त्याचे शिक्षण, पाटी, मकतब, शाळा. गल्लीत तालीम म्हणजे लाल मातीचा हौद, भिंतीला टेकवलेली गदा आणि कोपऱ्यातला मारुती. मूळ अरबी शब्द मात्र एकच, शिकवणे. वस्ताद म्हणजे आपला उस्तादच आणि पैलवान हा शब्द फारसीतून आलेला. भोसरी, चिखली, मोशी, चाकण या कारखान्यांनी वेढलेल्या गावांत अजून यात्रेला आखाडा भरतो. सातारा, सांगली, कोल्हापूरकडून कंपनीत नोकरीला आलेल्या घरांतली मुले त्या आखाड्याभोवती पहिल्या रांगेत बसलेली असतात. त्यांच्यापैकी एखाद्याला मातीत उतरायचे असेल, तर कोणत्या वयात आणि किती घाईने, हा प्रश्न आईबापांना पडतोच.

रमजानात हा प्रश्न मुस्लिम घरांना वेगळ्या रूपात ओळखीचा आहे. सहा-सात वर्षांचे मूल सहेरीला हट्टाने उठते, पण त्याला पूर्ण दिवस उपाशी ठेवत नाहीत. आधी दुपारपर्यंतचा चिडिया रोजा, पुढच्या वर्षी एखादा पूर्ण, मग जुम्म्याचे, असे करत अंगाला सवय लावतात. मातीतला हिशेबही असाच चालतो. तो ज्याच्या आयुष्यात सर्वांत स्पष्ट दिसतो, तो माणूस कराडजवळच्या गोळेश्वर गावचा. खाशाबा दादासाहेब जाधव, स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवून देणारे कुस्तीगीर.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. पाच भावांत ते धाकटे. वडील दादासाहेब स्वतः पैलवान होते, त्यामुळे घरात माती नवी नव्हती. वयाच्या पाचव्या वर्षी वडिलांनी मुलाला आखाड्यात उतरवले. पाच वर्षांच्या पोराला उतरवणे याचा अर्थ त्याला लढायला लावणे असा मात्र घेऊ नये. त्या काळच्या तालमीत लहान मुलाचे पहिले काम माती उकरण्याचे असे. खोऱ्याने माती खणायची, ढेकळे फोडायची, मोठ्यांनी त्यात तेल, ताक, हळद, लिंबू घातले की पायाने ती कालवायची. खांदे, मनगट, कंबर यांची पहिली मेहनत या कामातच होऊन जाई. मग थोडे जोर, थोड्या बैठका. आकडा वस्ताद ठरवणार, पोराने स्वतःहून वाढवायचा नाही. त्यानंतर पडायला शिकणे, म्हणजे पाठीवर न पडता कुशीवर कसे यायचे आणि मान कशी वाचवायची. डाव शिकवायची वेळ या सगळ्यानंतर येई.

आणि डाव आला तरी जोड कुणाशी लावायची हे वस्तादच बघतो. वजनाने आणि वयाने सारखे पोर शोधायचे, सारखे हरणारे किंवा सारखे जिंकणारे पोर त्याच जोडीत ठेवायचे नाही. यात्रेच्या मैदानातही हीच शिस्त दिसते. दुपारी मैदान सुरू होते ते लहानग्यांच्या कुस्त्यांनी. जिंकणाऱ्याला रेवड्या, मग नारळ, मग रुपया, आणि दिवस मावळायला आला की इनामाच्या मोठ्या कुस्त्या. रेवड्यांसाठी लढणाऱ्या पोराला हजारो माणसांसमोर उभे राहण्याची सवय होते आणि हरला तरी फार काही बिघडत नाही. आठ वर्षांच्या खाशाबाने त्या भागातल्या एका नावाजलेल्या मल्लाला दोन मिनिटांत लोळवल्याची गोष्ट कराडकडे सांगतात. गोष्टीत थोडे मीठमसाला असेलही. पण त्या आधीची तीन वर्षे वडिलांनी मुलाकडून काय करून घेतले होते, हे ध्यानात घेतले तर ती अगदी अशक्य वाटत नाही.

शाळा कराडचे टिळक हायस्कूल. १९४२ च्या चळवळीत भूमिगतांना आसरा देणे, त्यांच्या चिठ्ठ्या पोचवणे अशी कामे या विद्यार्थ्याने केली. अंगकाठी लहान, उंची बेताची. जड पैलवानांच्या काळात अशा मुलाला कुणी फारसे मोजले नसते. वडिलांनी आणि पुढच्या वस्तादांनी त्या लहान चणीचाच उपयोग केला. वजन वाढवण्याच्या मागे न लागता चपळाई वाढवली. ढाक हा डाव खाशाबांचा हातखंडा झाला. समोरच्याची मान काखेत आवळून, त्याला कमरेवरून फिरवून खाली आणायचे. हा डाव ताकदीपेक्षा वेळ साधण्यावर चालतो, आणि वेळ साधणे हजारदा घटवल्याशिवाय येत नाही.

पुढे कोल्हापूर. राजाराम कॉलेजात शिक्षण आणि बाबुराव बलावडे, बेलापुरी गुरुजी यांच्या हाताखाली मेहनत. कोल्हापूर म्हणजे शाहू महाराजांनी उभारलेल्या खासबाग मैदानाचे गाव. १९१२ मध्ये या मैदानात पहिली मोठी कुस्ती झाली ती गामाचा भाऊ इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांच्यात. इथल्या काही तालमींत गणपतीही बसतो आणि मोहरमचा पंजाही. तालमीतल्या पोराला समोरच्याची जात विचारायची सवय सहसा लागत नाही, पकडीत मान सापडली की तेवढेच पुरते.

१९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला खाशाबा गेले तेव्हा खर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तिथे त्यांना पहिला धक्का बसला तो मॅटचा. मातीत पाय रुततो, पकड घट्ट बसते, आणि समोरचा चितपट होईपर्यंत कुस्ती चालू शकते. मॅटवर पायात बूट, वेळ ठरलेली, आणि चितपट झाली नाही तर निकाल पंचांच्या हाती. सतरा वर्षे एका प्रकारे घडवलेल्या अंगाला दुसरी सवय लावायची होती, तीही थोड्या दिवसांत. अमेरिकन प्रशिक्षक रीस गार्डनर यांनी त्यांच्याकडून जमेल तेवढे करून घेतले. फ्लायवेट गटात, म्हणजे ५२ किलोत, खाशाबा सहावे आले. मॅट नीट पाहिलेलीही नसताना सहावे, हे त्या वेळी फार थोड्यांच्या लक्षात आले.

पुढची चार वर्षे गोळेश्वर आणि कोल्हापुरात मेहनत. दिवसाला हजार बैठका आणि दोन-तीनशे जोर असा रतीब सांगतात. गट बदलून ते बँटमवेटला, ५७ किलोत आले. हेलसिंकीसाठीची निवड सरळ झाली नाही. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला जाणूनबुजून एक गुण कमी दिला, असा त्यांचा आक्षेप होता. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावली गेली आणि त्यांनी प्रतिस्पर्ध्याला आडवे केले. त्यापुढे पैशाचा प्रश्न आला. सरकारकडून पुरेसे काही मिळेना. गोळेश्वरच्या लोकांनी वर्गणी काढली, घरच्यांनी दारोदार फिरून जमवले. राजाराम कॉलेजचे प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. विद्यार्थ्यासाठी घर गहाण टाकणारे प्राचार्य तेव्हाही दुर्मीळच होते.

हेलसिंकीत जुलै १९५२ मध्ये खाशाबांनी कॅनडाचे पोलिक्विन, मेक्सिकोचे बासुर्तो, जर्मनीचे श्मिट्झ यांना हरवले. मग जपानचे शोहाची इशी यांच्याशी लांबलेली, दमवणारी लढत झाली आणि ती गेली. त्या ऑलिम्पिकमध्ये जपानला मिळालेले एकमेव सुवर्ण याच इशींचे. त्यानंतर पुरेशी विश्रांती न देताच त्यांना सोव्हिएत संघाचे रशीद मम्मदबेयोव यांच्यासमोर उभे केले, असे सांगितले जाते. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास मिळायला हवा होता, पण ते ठणकावून सांगायला भारताचा कुणी अधिकारी तिथे हजर नव्हता. मम्मदबेयोव यांना रौप्य मिळाले, खाशाबांना कांस्य. त्याच स्पर्धेत फेदरवेट गटात कोल्हापूरकडचेच केशव माणगावे चौथे आले, हे आता फारसे कुणी सांगत नाही. एकाच भागाच्या मातीतून आलेली दोन माणसे जगात तिसरी आणि चौथी. त्यामागे किती तालमी आणि किती वस्तादांची वर्षे असतील, याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

कराडपासून गोळेश्वरपर्यंत शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणूक संपल्यावर खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्या लावल्या, त्यांतून आलेला पैसा खर्डेकरांना दिला आणि गहाण पडलेले घर सोडवले. या माणसाचा स्वभाव समजून घ्यायला पदकापेक्षा ही एक गोष्ट जास्त उपयोगी पडते.

१९५५ मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक झाले. गुडघ्याच्या दुखापतीने १९५६ चे मेलबर्न हुकले. सुमारे २७ वर्षे नोकरी करून ते सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात त्यांचे निधन झाले. वैयक्तिक ऑलिम्पिक पदकासाठी भारताला १९९६ पर्यंत, लिअँडर पेसपर्यंत थांबावे लागले आणि कुस्तीतल्या पुढच्या पदकासाठी २००८ पर्यंत. अर्जुन पुरस्कार खाशाबांना मरणोत्तर मिळाला. दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या वेळी कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचे नाव दिले गेले, आणि आता १५ जानेवारी हा महाराष्ट्राचा क्रीडादिन आहे.

गोळेश्वरात त्यांच्या घराचे नाव ऑलिम्पिक निवास. गावातल्या आणि आसपासच्या पोरांसाठी तिथे कुस्ती प्रशिक्षण केंद्र उभे राहावे, अशी घरच्यांची मागणी होती. केंद्राची घोषणा झाली, पण वर्षे उलटली तरी काम पुढे सरकेना. तेव्हा २०१७ मध्ये कुटुंबाने हेलसिंकीचे कांस्यपदक लिलावात काढून केंद्रासाठी पैसे उभे करण्याची तयारी जाहीर केली.