कणांचा हिशेब मांडणारा माणूस

अखजीच्या सुमारास मुक्ताईनगरात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. अशा दिवसांत चुलीपुढे बसून खापरावर मांडे भाजणाऱ्या बायकांना धग म्हणजे काय, हे कुणी शिकवायला नको. ज्ञानदेवांच्या पाठीवर मांडे भाजणाऱ्या मुक्ताईचे तर हे गावच. पण धग असते कशात? या प्रश्नापायी व्हिएन्नाच्या एका माणसाने आयुष्य वेचले. त्याचे नाव लुडविग बोल्ट्झमन.

जन्म १८४४चा. वडील करखात्यात, मुलगा पंधरा वर्षांचा असताना ते गेले. पंचविसाव्या वर्षी लुडविग ग्राट्सला प्राध्यापक झाला. हेन्रिएट नावाच्या मुलीला विद्यापीठ वर्गात बसू देईना, तेव्हा त्याने तिला दाद मागायला लावली आणि १८७६मध्ये तिच्याशीच लग्न केले.

वस्तूतले अदृश्य कण सतत धडपडत असतात, ती धडपड म्हणजेच वस्तूची ऊब, हे त्याने धरून ठेवले. बँकेत हयात गेलेल्या माझ्यासारख्याला हे असे समजते: सगळ्या खात्यांची बेरीज ही औष्णिक ऊर्जा, दर खात्यामागची सरासरी हे तापमान आणि एका शाखेतून दुसरीकडे जाणारी रक्कम म्हणजे उष्णता. चुलीतल्या ठिणगीची सरासरी मोठी, पण खाती थोडी; हातावर पडली तरी चटका देऊन विझते. कोमट पाण्याच्या हंड्यात सरासरी लहान, बेरीज मात्र केवढी तरी!

तीच रक्कम खात्यांत किती तऱ्हांनी वाटता येईल, हे बोल्ट्झमनने १८७७मध्ये मोजले. ज्या वाटपाच्या तऱ्हा सर्वाधिक, तिकडे निसर्ग कलतो. म्हणून खापर आपोआप निवते, आपोआप तापत नाही. (बँकेत पैसा असा भरल्या खात्यातून रित्याकडे आपणहून जात नाही, एवढाच फरक.)

पण कण पाहिले कुणी? माखला न दिसणारे अणू मान्य नव्हते. ऑस्टवाल्डला नुसती ऊर्जा पुरत होती. १८९५मध्ये ल्यूबेकच्या परिषदेत जोरदार खडाजंगी झाली. तरी ऑस्टवाल्ड मित्रच राहिला, आणि १९००मध्ये बोल्ट्झमन त्याच्याच लाइपत्सिगला नोकरीला गेला! दोन वर्षांनी व्हिएन्नाला परतल्यावर माखचे तत्त्वज्ञानाचे वर्गही त्याच्याच गळ्यात पडले.

५ सप्टेंबर १९०६ रोजी त्रिएस्तजवळच्या दुइनो गावी त्याने आपले जीवन संपवले. त्याचे खापर पुष्कळजण विरोधकांच्या माथी फोडतात. मला ते पटत नाही. थोरला मुलगा अकराव्या वर्षी अपेंडिक्सने दगावला होता, दृष्टी मंदावली होती, दम्याने छळले होते, आणि मन तर वर्षानुवर्षे वर-खाली होत होते.

आदल्याच वर्षी आइन्स्टाइनने पाण्यातल्या बारीक कणांच्या थरथरीचे गणित मांडले होते. १९०८पासून पेरँने ते प्रयोगांनी पडताळले आणि १९०९मध्ये ऑस्टवाल्डनेही अणू मान्य केले. २०१९पासून तापमानाचे एकक, केल्विन, बोल्ट्झमनच्या नावाच्या स्थिरांकावरून ठरते. व्हिएन्नातल्या त्याच्या थडग्यावर त्या तऱ्हांच्या मोजणीचे सूत्र कोरलेले आहे. त्या रूपात ते प्रथम लिहिले प्लांकने.