कापरेकर गुरुजींचा 6174 आणि वर्गातला फुल्यांचा आलेख

एक वही-पेन घ्या. 1905 ही संख्या लिहा. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडले की 9510 होतात, चढत्या क्रमाने 0159. मोठीतून लहान वजा करा, 9351 आले. आता याच्याशी पुन्हा तेच करा. पुढे 8172, 7443, 3996, 6264, 4176 येतील आणि सातव्या वजाबाकीला 6174. तिथून पुढे कितीही वेळा करा, 6174 च येत राहतो.

1905 मुद्दाम घेतला. त्या वर्षी 17 जानेवारीला डहाणूला दत्तात्रय रामचंद्र कापरेकर जन्मले, आणि ही गंमत त्यांनीच शोधून काढली. आज जगभर 6174 ला कापरेकर स्थिरांक म्हणतात.

आई गेली तेव्हा ते आठ वर्षांचे होते. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाचा नाद. मुलाला आकडेमोडीची गोडी तिथूनच लागली असं सांगतात. शाळेचं शिक्षण ठाण्यात झालं, मग 1923 पासून पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज. 1927 मध्ये स्वतंत्र गणिती कामासाठी असलेलं रँग्लर परांजपे पारितोषिक त्यांना मिळालं. 1929 ला मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाली आणि तिथेच औपचारिक शिक्षण संपलं. एम.एस्सी. नाही, पीएच.डी. तर नाहीच.

1930 ते 1962 अशी बत्तीस वर्षं ते नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिकवत होते. तास, वह्या, परीक्षा हे सगळं करून उरलेल्या वेळात संख्यांशी खेळायचे. 1946 मध्ये 6174 सापडला, 1949 ला मद्रासच्या गणित परिषदेत तो त्यांनी मांडला. डोंबिवली स्टेशनवर सुचलेल्या संख्यांना त्यांनी त्या स्टेशनच्या तेव्हाच्या नावावरून डेम्लो संख्या म्हटलं. (111 चा वर्ग 12321 येतो, तो त्यातलाच.) 12 ला 1 + 2 म्हणजे 3 ने भाग जातो, अशा संख्यांना हर्षद नाव दिलं. 45 चा वर्ग 2025, आणि 20 + 25 पुन्हा 45, या कापरेकर संख्या.

पण आपल्याच देशातल्या अनेक गणितज्ञांना हे सगळं पोरखेळ वाटत होतं. मोठ्या नियतकालिकांत जागा मिळेना, म्हणून बरंचसं काम त्यांनी छोट्या पुस्तिका काढून लोकांपुढे ठेवलं. पदवी बघून माणसाचं काम जोखायची खोड तेव्हाही होती. आपण डी.एड. वाले, आपल्याला ती चांगलीच ठाऊक आहे!

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येते. लाईन प्लॉट शिकवताना आपण बहुतेक वेळा तयार माहिती देतो, चपलांचे नंबर किंवा घरातली माणसं. मुलं फुल्या मारतात आणि विसरतात. त्याऐवजी कापरेकर गुरुजींची रीत घ्या. प्रत्येक मुलाने मनातली एक चार अंकी संख्या घ्यायची. चारही अंक सारखे नकोत, नाहीतर पहिल्याच वजाबाकीला शून्य. 6174 येईपर्यंत किती पायऱ्या लागल्या ते मोजायचं. फळ्यावर आडवी रेषा काढा, सारख्या अंतरावर 1 ते 7 लिहा. सातच्या पुढे जायची गरजच पडत नाही. ज्याला जेवढ्या पायऱ्या लागल्या, त्याने त्या आकड्यावर एक फुली मारायची, आधीच्या फुलीच्या बरोब्बर वर. फुल्या एकाच मापाच्या हव्यात. एक मोठी, एक बारीक झाली की उंचीवरून केलेली तुलना खोटी ठरते. आणि या फुल्या रेषेने जोडायच्या नाहीत. जोडायचा तो रेषालेख, तो वेगळा.

मग मुलांना विचारा, सगळ्यात उंच रास कुठे? 1000 ते 9999 मधल्या सगळ्या संख्या तपासल्या, तर सारख्या अंकांच्या नऊ सोडून 8991 उरतात. त्यांतल्या 2124 तीन पायऱ्यांत पोचतात, 1980 सात पायऱ्यांत. एका पायरीत फक्त 356. चारवर 1124, म्हणजे दोन उंच राशींच्या मधे खड्डा. सरासरी काढली तर साधारण 4.7 येते. बघा, तिच्या डाव्या हाताला, चारवर, तो खड्डाच आहे. नुसती सरासरी सांगितली असती तर तो कुणाला दिसला असता का? तुमच्या तीस-पस्तीस मुलांच्या फळ्यावर चित्र थोडं वेगळं येईल, येऊ द्या. शेजारच्या तुकडीच्या फुल्या त्यात मिळवा आणि आकार कसा बदलतो ते मुलांनाच बघू द्या. वजाबाकीचा सरावही यात भरपूर होतो, एकट्या सात पायऱ्यांच्या मुलाचीच सात गणितं! सोलापुरातल्या मुलांना 1930 आणि 1931 द्या. मार्शल लॉचं साल तीन पायऱ्यांत पोचतं, चार हुतात्म्यांना फाशी झाली ते साल सहा पायऱ्यांत. इतिहासाचा तासही थोडा होऊन जातो.

कापरेकरांकडे जगाचं लक्ष गेलं ते 1975 मध्ये, मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकातल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं तेव्हा. निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती. पत्नी 1966 लाच गेली होती. पेन्शन पुरत नव्हतं, म्हणून हे गृहस्थ गणित-विज्ञानाच्या शिकवण्या घेत होते. ज्याचं नाव परदेशातले गणितज्ञ घेऊ लागले, त्याला घर चालवायला शिकवण्या! 1986 मध्ये देवळालीतच ते गेले.

वर्गात करताना एक जपा. 1112 घेतलं तर 2111 वजा 1112 म्हणजे 999 येतात. मुलं तीनच अंक लिहितात, पुढची वजाबाकी शून्य येते आणि मग सर, जमत नाही अशी ओरड. ते 0999 असं चार अंकी लिहायला लावा. पुढे 8991, 8082, 8532 आणि पाचव्या पायरीला 6174. लहान वर्गांना तीन अंकी संख्या द्या. तिथे शेवटी 495 येतो आणि रेषेवर 1 ते 6 एवढ्याच खुणा पुरतात.