चार्ल्स हॅरिसन ब्लॅकली

चार्ल्स हॅरिसन ब्लॅकली (जन्म : ५ एप्रिल १८२०, मृत्यू : ४ सप्टेंबर १९००) हे मँचेस्टर येथे व्यवसाय करणारे इंग्लिश वैद्यक होते. उन्हाळ्यात होणाऱ्या शिंका, नाकाडोळ्यांतून वाहणारे पाणी आणि दमा यांचे कारण हवेतून वाहून येणारे परागकण हेच आहे, हे त्यांनी प्रयोगांनी सिद्ध केले. इंग्रजीत 'हे फीव्हर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या विकाराला मराठीत परागज्वर म्हणतात. ही दोन्ही नावे फसवी आहेत, कारण या विकारात सहसा ताप येत नाही आणि वाळलेल्या गवताशीही त्याचा थेट संबंध नसतो. हवेतील परागकणांची रोजच्या रोज मोजणी करून त्या संख्येची रोगलक्षणांशी तुलना करण्याची पद्धत ब्लॅकली यांच्यापासून सुरू झाली. हवामानबदलाचा परागकणांवर होणारा परिणाम आज अभ्यासला जातो, त्या अभ्यासाचा पायाही हीच पद्धत आहे.

जीवन

ब्लॅकली यांचा जन्म लँकेशायर परगण्यातील बोल्टन या गावी झाला. तरुणपणी ते मँचेस्टरमध्ये छपाई व कोरीवकामाच्या व्यवसायात उमेदवारी करीत होते. उदरनिर्वाहाचे काम सांभाळून त्यांनी वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि सूक्ष्मदर्शकाचा वापर या विषयांचा अभ्यास केला. वयाच्या पस्तिशीत, म्हणजे १८५५ साली, त्यांनी मँचेस्टरच्या वैद्यकीय विद्यालयात प्रवेश घेतला आणि १८५८ मध्ये ते शल्यवैद्यकाच्या परीक्षेत उत्तीर्ण झाले. पुढे मँचेस्टरच्या हल्म या भागात त्यांनी व्यवसाय केला. ते होमिओपॅथीचे अनुयायी होते. त्या काळी प्रस्थापित वैद्यकवर्ग होमिओपॅथांना आपल्या पंक्तीस बसवीत नसे, आणि त्यांच्या संशोधनाची उपेक्षा होण्यामागे हेही एक कारण असणे शक्य आहे. कोणत्याही विद्यापीठाचा वा प्रयोगशाळेचा आधार त्यांना नव्हता.

ते स्वतः अनेक वर्षे या विकाराने त्रस्त होते. त्यांच्या संशोधनात रोगी आणि संशोधक एकच व्यक्ती होती.

पूर्वपीठिका

या विकाराचे पहिले सविस्तर वर्णन लंडनचे वैद्य जॉन बोस्टॉक यांनी १८१९ साली केले. तेही स्वतःच्याच दुखण्याचे होते. १८२८ मध्ये त्यांनी आणखी २८ रुग्णांची माहिती देऊन या विकारास उन्हाळी पडसे अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले. मात्र ते कारण उन्हाळ्यातील उष्णतेत शोधत राहिले. गवताच्या फुलांचा संशय काहींनी व्यक्त केला होता, परंतु प्रमाण कोणाकडेच नव्हते. उष्मा, प्रखर प्रकाश, धूळ, ओझोन वायू, कापलेल्या गवताचा सुगंध अशी अनेक कारणे पुढे केली जात. विख्यात शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनाही हा विकार होता. त्यांनी १८६८ च्या सुमारास त्याचा दोष नाकातील सूक्ष्मजंतूंवर ठेवला. जंतुवादाच्या त्या उदयकाळात हे मत लोकांना सहज पटण्यासारखे होते.

प्रयोग

ब्लॅकली यांनी १८५९ पासून या प्रश्नाकडे पद्धतशीर लक्ष दिले. घरातील फुलदाणीत ठेवलेल्या गवताच्या तुऱ्यांजवळ जाताच त्यांना जोराच्या शिंका आल्या. दुसऱ्या एका प्रसंगी खेड्याच्या रस्त्यावरून गेलेल्या गाडीने उडविलेल्या धुळीने तसेच झाले. ती धूळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली असता तीत गवताचे परागकण आढळले. त्यांचे वेगळेपण यानंतरच्या वाटचालीत दिसते. परागकणांवर संशय जडल्यावरही त्यांनी आधी इतर कारणे एकेक करून तपासली. ओझोन, गवताला सुगंध देणारे कुमारिन, बेंझॉइक आम्ल, उष्णता आणि प्रकाश यांचा स्वतःवर प्रयोग करून पाहिला. यांपैकी कशानेही विकाराची खरी लक्षणे निर्माण झाली नाहीत.

मग त्यांनी अनेक वनस्पतींचे पराग जमवून ते स्वतःच्या नाकात, डोळ्यात आणि घशात घालून पाहिले. ऋतू नसतानाही, भर हिवाळ्यात, साठविलेल्या परागांनी हा विकार उत्पन्न करता येतो हे त्यांनी दाखविले, आणि उष्णतेचा मुद्दा तेथेच निकालात निघाला. दोन्ही हातांची त्वचा खरवडून एका हातावर इटालियन राय-गवताचे ओले पराग आणि दुसऱ्यावर केवळ पाणी लावण्याचा प्रयोग विशेष महत्त्वाचा ठरला. परागांच्या हातावर खाज सुटून मोठी सूज आली, दुसरा हात तसाच राहिला. आज अ‍ॅलर्जीच्या निदानासाठी त्वचेवर जी चाचणी करतात तिचे हे आद्य रूप होय. तुलनेसाठी दुसरा हात राखून ठेवण्याची दक्षता त्या काळातील वैद्यकात दुर्मीळ होती, हे येथे नमूद करणे उचित होईल.

हवेतील परागांची मोजणी

परागांनी त्रास होतो हे सिद्ध झाले, तरी श्वासावाटे खरोखर किती पराग आत जातात हा प्रश्न उरत होता. त्यासाठी ब्लॅकली यांनी काचपट्ट्यांवर न सुकणारा चिकट द्रव लावून त्या माणसाच्या श्वासाच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून ४ फूट ९ इंचांवर, उघड्या कुरणात ठेवल्या. चोवीस तासांनी पट्टी काढून एक चौरस सेंटिमीटर जागेतील परागकण सूक्ष्मदर्शकाखाली एकेक मोजले. वसंताच्या अखेरीस ही संख्या वाढू लागे, जूनच्या उत्तरार्धात शिखर गाठी आणि जुलैअखेर ओसरे. २८ जून १८६६ रोजी त्यांनी एका दिवसात ८८० कण मोजले. पाऊस पडला की आकडा घसरे आणि त्यांचा त्रासही उतरे. समुद्रावरून वारा वाहत असताना किनाऱ्यावर रुग्णांना आराम का पडतो, याचाही उलगडा यातून झाला.

उंच हवेतील स्थिती पाहण्यासाठी त्यांनी पतंगांचा उपयोग केला. झाकलेल्या चिकट काचा पतंगाबरोबर ५०० ते १००० फूट व त्याहूनही वर चढवून एका युक्तीने त्या तेथे उघडल्या जात. खालच्या हवेच्या तुलनेत वर सरासरी १९ पट परागकण सापडले. जवळपास गवत नसलेल्या शहरी माणसालाही त्रास का होतो, याचे उत्तर या आकड्यात होते. ही गोष्ट चार्ल्स डार्विन यांना फार मोलाची वाटली. त्यांचा ब्लॅकली यांच्याशी पत्रव्यवहार झाला आणि वनस्पतींतील परफलनावरील १८७६ च्या ग्रंथात त्यांनी या पतंगप्रयोगाचा उल्लेख केला.

हे सारे संशोधन १८७३ साली लंडन येथे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. १८८० मध्ये त्याची वाढविलेली आवृत्ती निघाली.

शेती, शहर आणि रोग

ब्लॅकली यांच्या ग्रंथातील एक निरीक्षण आज वाचताना विशेष लक्ष वेधून घेते. परागांशी सर्वाधिक संबंध येतो तो शेतकऱ्यांचा, पण त्यांच्यात हा विकार क्वचितच आढळे. तो मुख्यतः सुशिक्षित नागर वर्गात होता. एकतर शिक्षणाने व शहरी राहणीने शरीराची प्रवृत्ती बदलत असावी किंवा सततच्या संपर्काने शेतकऱ्यांना परागांची सवय होत असावी, असे दोन तर्क त्यांनी मांडले. त्यांच्या मते पीकपद्धती बदलून वैरणीच्या गवताची लागवड वाढल्याने हवेतील परागही वाढले होते, आणि शिक्षणाचा व शहरांचा विस्तार होत जाईल तसा हा रोगही वाढणार होता. विकार शरीराच्या प्रकृतीइतकाच भोवतालच्या जमिनीच्या वापरावरही अवलंबून असतो, ही त्यांची दृष्टी काळाच्या पुढची होती. खात्रीचा उपचार मात्र त्यांना सापडला नाही.

उत्तरकाळ

ब्लॅकली यांच्या हयातीत त्यांच्या निष्कर्षांना मर्यादित मान्यता मिळाली. पुढे हॅम्बुर्ग येथे डनबार यांनी परागांतील प्रथिनद्रव्यावर काम केले. १९०६ मध्ये फोन पिर्के यांनी अ‍ॅलर्जी हा शब्द रूढ केला. १९११ साली लंडनमध्ये नून यांनी गवताच्या परागांच्या अर्काची अल्प मात्रा टोचून रुग्णांची सहनशक्ती वाढविण्याचा उपचार सुरू केला. चिकट काचेची जागा १९५२ मध्ये हर्स्ट यांच्या हवा शोषून घेणाऱ्या यंत्राने घेतली.

अशा मोजण्या वर्षानुवर्षे होत राहिल्यामुळेच हवामानबदलाचा माग काढता आला. उत्तर अमेरिकेतील १९९० ते २०१८ या काळातील नोंदींवरून २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, परागांचा हंगाम सुमारे २० दिवस आधी सुरू होऊ लागला असून परागांचे प्रमाण सुमारे २१ टक्क्यांनी वाढले आहे. तापमानवाढ हे यामागचे एक प्रमुख कारण आहे. कार्बन डायऑक्साइडचा परिणाम वेगळा आहे. या वायूचे प्रमाण दुप्पट केलेल्या हवेत वाढविलेल्या रॅगवीडने ६१ टक्के अधिक पराग निर्माण केल्याचे २००२ मध्ये आढळले. रॅगवीड हे आपल्याकडील गाजरगवताचे जवळचे नातलग आहे.

ब्लॅकली यांनी स्वतःच्या हातावर लावलेल्या राय-गवताच्या वंशातीलच एक गवत ऑस्ट्रेलियातील मेलबर्नभोवती मोठ्या प्रमाणावर वाढते. २१ नोव्हेंबर २०१६ च्या सायंकाळी तेथे वादळ झाले. वादळात ओलावा शोषून परागकण फुटतात आणि त्यांतून फुप्फुसांत खोलवर जाऊ शकणारे सूक्ष्म कण बाहेर पडतात. त्या रात्री हजारो लोकांना श्वासाचा त्रास होऊन रुग्णालये भरून गेली आणि त्या घटनेत दहा जणांचा मृत्यू झाला. त्रास झालेल्यांपैकी अनेकांना पूर्वी कधीही दम्याचे निदान झालेले नव्हते.