हुक्का, पुलाव आणि लंडनमधली बैठक

लंडनच्या पोर्टमन स्क्वेअरजवळ जॉर्ज स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. तेथील १०२ क्रमांकाच्या इमारतीवर वेस्टमिन्स्टर नगर परिषदेने २००५ मध्ये एक हिरवी पाटी बसवली. लंडनमधले पहिले भारतीय उपाहारगृह १८१० मध्ये या जागी सुरू झाले आणि त्याचे मालक होते साके दीन महंमद, असे ती पाटी सांगते. आज ब्रिटनमध्ये भारतीय धाटणीची उपाहारगृहे हजारोंनी आहेत आणि करी हा तेथील घरोघरचा पदार्थ झाला आहे. या साऱ्या पसाऱ्याचा पहिला उद्योजक मात्र अवघ्या दोन वर्षांत दिवाळखोर झाला होता.

दीन महंमद यांचा जन्म १७५९ मध्ये पाटण्यात झाला. प्लासीच्या लढाईला तेव्हा दोनच वर्षे झाली होती आणि बंगाल-बिहारवर ईस्ट इंडिया कंपनीचा अंमल बसू लागला होता. वडील कंपनीच्या बंगाल फौजेत होते. मुलगा दहा-अकरा वर्षांचा असतानाच ते गेले. फौजेचा रुबाब पाहून भारावलेल्या या मुलाने गॉडफ्रे बेकर या आयरिश तरुण अधिकाऱ्याचा आश्रय धरला. आईच्या मनाविरुद्ध तो छावणीबरोबर निघाला आणि पुढची सुमारे पंधरा वर्षे बेकर यांच्यासोबतच राहिला. फौजेच्या बाजाराची देखरेख, मग जमादार आणि शेवटी सुभेदार अशी त्यांची चढती कमान राहिली. याच काळात कंपनीचे मराठ्यांशी पहिले युद्ध सुरू होते. बंगाल फौजेच्याच एका तुकडीने १७८० मध्ये ग्वाल्हेरचा किल्ला घेतला होता. एका भारतीय तरुणाची सारी कारकीर्द परक्या सत्तेच्या चाकरीत घडत होती. तेव्हाच्या हिंदुस्थानात हे विरळ नव्हते.

बेकर यांच्यावर गावकऱ्यांकडून पैसे उकळल्याचा ठपका आला आणि १७८२ मध्ये त्यांनी फौज सोडली. दीन महंमदही त्यांच्याबरोबर बाहेर पडले आणि १७८४ मध्ये आयर्लंडमधील कॉर्क या बंदराच्या शहरात पोहोचले. वय पंचविशीचे, भाषा परकी आणि ओळख केवळ बेकर कुटुंबाची. त्यांनी इंग्रजीचे रीतसर शिक्षण घेतले. तिथेच जेन डॅली ही आयरिश तरुणी त्यांच्या आयुष्यात आली. घरच्यांचा विरोध असल्याने दोघांनी १७८६ मध्ये पळून जाऊन लग्न केले. त्यासाठी दीन महंमद यांनी धर्मांतर करून अँग्लिकन पंथ स्वीकारला.

त्यांचे प्रवासवर्णन १७९४ मध्ये कॉर्कमध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाले. एका काल्पनिक मित्राला लिहिलेल्या अडतीस पत्रांचे हे पुस्तक एखाद्या भारतीयाने इंग्रजीत लिहून प्रसिद्ध केलेले पहिले पुस्तक मानले जाते. त्या भागातील प्रतिष्ठितांनी आगाऊ वर्गणी भरून ते छापायला मदत केली. काही मजकूर त्यांनी आधीच्या युरोपीय प्रवाशांच्या पुस्तकांतून उचलला होता, हे अभ्यासकांनी पुढे दाखवून दिले. तरीही या पुस्तकाचे महत्त्व कमी होत नाही. हिंदुस्थानातील शहरे, बाजार आणि चालीरीती यांविषयी तोवर युरोपीय माणसेच युरोपीयांना सांगत आली होती. आता ते सांगायला तिथलाच एक माणूस उभा राहिला होता. पुढे जेवणाच्या टेबलाशी त्यांनी हेच काम वेगळ्या साधनांनी केले.

एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात दीन महंमद सहकुटुंब लंडनला आले. हिंदुस्थानात अमाप पैसा कमावून परतलेल्या इंग्रजांना तेव्हा तिथे काहीशा कुचेष्टेने ‘नबाब’ म्हणत. पोर्टमन स्क्वेअरच्या आसपास अशा मंडळींची वस्ती होती. त्यांपैकीच बेसिल कॉक्रेन यांनी आपल्या घरी वाफेच्या स्नानाची सोय केली होती. दीन महंमद तिथे नोकरीला लागले आणि वाफेच्या जोडीला त्यांनी अंग रगडून देण्याची भारतीय रीत आणली. चांपणे म्हणजे दाबणे. आपल्या ओळखीची चंपी यातूनच आली आणि इंग्रजीतील ‘शाम्पू’ हा शब्दही याच कुळातला.

नोकरीत मन रमले असते तर गोष्ट इथेच संपली असती. पण १८१० मध्ये त्यांनी जॉर्ज स्ट्रीटवरच्या तेव्हाच्या ३४ क्रमांकाच्या घरात ‘हिंदोस्तानी कॉफी हाउस’ उघडले. नावात कॉफी असली तरी तिथे महत्त्व होते ते जेवणाला, हुक्क्याला आणि सोबतीला. लंडनमध्ये कॉफीगृहांची परंपरा १६५२ पासूनची. प्रत्येक व्यवसायाचा आपापला अड्डा ठरलेला असे. जहाजांच्या विमेवाल्यांचा लॉइड्स, शेअर दलालांचा जोनाथन्स, पूर्वेकडच्या व्यापाऱ्यांचा जेरुसलेम. बातमी, सौदा, राजकारण आणि साहित्य अशा साऱ्यांची चर्चा या टेबलांशी होत असे. दीन महंमद यांनी ही लंडनची रीत उचलली आणि तिच्यात हिंदुस्थानी बैठक बसवली.

आतली मांडणी वेगळीच होती. वेतबांबूच्या खुर्च्या आणि कोच, भिंतींवर हिंदुस्थानातील दृश्ये, शिकारीचे प्रसंग आणि तिथल्या माणसांची चित्रे. हुक्क्यासाठी स्वतंत्र दालन. पानात मसालेदार रस्से आणि भात, सोबत निवडक वाइन. मार्च १८११ मध्ये ‘टाइम्स’मध्ये त्यांनी जाहिरात दिली. हिंदुस्थानात राहून आलेल्या सभ्य गृहस्थांना अस्सल चिलमीचा हुक्का आणि उत्कृष्ट भारतीय पदार्थ इथे मिळतील, असा तिचा आशय होता.

इंग्लंडला करी काही नवी नव्हती. हॅना ग्लास यांच्या १७४७ च्या पाकपुस्तकात तिची कृती आहे आणि लंडनच्या एका कॉफीगृहात १७७३ पासून ती मिळत होती. नवीन होता तो यजमान. हुक्का हे एकट्याने घाईत ओढून उठण्याचे साधन नव्हे. तो ओढायचा तर निवांत टेकून बसावे लागते, बोलावे लागते. कलकत्ता, मद्रास, पाटणा यांच्या आठवणी काढणाऱ्या साहेबांना त्यासाठी ऐसपैस जागा मिळाली आणि त्या बैठकीच्या केंद्रस्थानी एक भारतीय मालक होता. हिंदुस्थानात असताना याच साहेबांना हुक्का भरून देणारा माणूस नोकर होता. इथे त्याच्या घरी ते पाहुणे म्हणून येत, त्याने लावलेल्या चित्रांखाली बसत आणि त्याचे बिल चुकते करत. दीन महंमद यांच्या धाडसाचे मोल ठरवताना हे विसरून चालणार नाही.

पण ही बैठक फार काळ टिकली नाही. त्यांना भागीदार घ्यावा लागला, तरीही १८१२ मध्ये दिवाळे काढण्याचा अर्ज करण्याची वेळ आलीच. त्याची कारणे समजण्यासारखी आहेत. ज्यांना हिंदुस्थानी जेवणाची खरी ओढ होती, ते श्रीमंत होते. आचारी आणि नोकर त्यांनी हिंदुस्थानातून सोबतच आणलेले असत. ज्यांच्याकडे असे आचारी नव्हते, त्यांना या चवीची सवय नव्हती. थाट उंची, खर्च मोठा आणि गिऱ्हाईक मोजके, असा हा ताळेबंद होता. लंडनमधील खाणावळींविषयी १८१५ मध्ये निघालेल्या एका मार्गदर्शिकेनेही हेच नोंदवले. मालकाची पुंजी तोकडी पडली असावी किंवा लोकांना ही कल्पनाच रुचली नसावी, असा तिचा निष्कर्ष होता.

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी हाती काहीच उरले नव्हते. ज्यांनी नबाबांना पाहुणे म्हणून बसवले, त्यांनीच नोकरी मिळावी म्हणून वृत्तपत्रात जाहिरात दिली. यजमानाचा पुन्हा चाकर होणार, असे दिसत होते. पण दीन महंमद यांनी १८१४ मध्ये समुद्रकाठच्या ब्रायटनला बिऱ्हाड हलवले आणि कॉक्रेन यांच्या घरी आजमावलेली वाफ आणि चंपी यांचा व्यवसाय थाटला. हवापालटासाठी येणाऱ्या धनिकांना तो भावला. त्यांची ‘महंमद्स बाथ्स’ ही भव्य इमारत १८२१ मध्ये उभी राहिली, पुढच्या वर्षी शाम्पूविषयीचे त्यांचे पुस्तक आले. चौथा जॉर्ज आणि त्यानंतर चौथा विल्यम या राजांनी त्यांना शाही ‘शाम्पूइंग सर्जन’ नेमले. या यशासाठी त्यांनी आपला जन्म दहा वर्षे मागे नेला आणि वैद्यकाचे शिक्षण घेतल्याची कथा रचली. चंपी करणाऱ्यापेक्षा वैद्याला मान जास्त, हे त्यांनी ओळखले होते.

जेन १८५० च्या अखेरीस गेल्या आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, २४ फेब्रुवारी १८५१ रोजी, दीन महंमद यांचेही ब्रायटनमध्ये निधन झाले. तोवर त्यांचे नाव मागे पडले होते. त्यांचा नातू फ्रेडरिक अकबर महंमद मात्र लंडनमध्ये खराखुरा वैद्य झाला आणि रक्तदाबावरील त्याचे संशोधन आजही आदराने सांगितले जाते. इतिहासकार मायकेल फिशर यांनी १९९० च्या दशकात दीन महंमद यांचे चरित्र आणि प्रवासवर्णन पुन्हा वाचकांपुढे आणले. १५ जानेवारी २०१९ रोजी गूगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र लावले.

त्याच्या आदल्या वर्षी लंडनच्या दुर्मीळ पुस्तकांच्या मेळाव्यात एक हस्तलिखित वही विकली गेली. तिच्यात ‘हिंदोस्तानी कॉफी हाउस’मधील पंचवीस पदार्थांची यादी दरांसह उतरवलेली आहे. अननसाचा पुलाव आहे, कोंबडीची आणि शेवंडीची करी आहे. त्या वहीला साडेआठ हजार पौंड मिळाले. ज्या घरातले पदार्थ तिच्यात उतरवले आहेत, त्या घराच्या मालकाला मात्र धनकोंची देणी फेडता आली नव्हती.