कै. बाळू पालवणकर

न्हावा-शेव्याच्या किनाऱ्यावरून खाडीपलीकडे दिसणाऱ्या मुंबईत ज्यांनी आपल्या डावखुऱ्या गोलंदाजीने गोऱ्या साहेबांस नमविले, त्या कै. बाळू पालवणकर यांचे नाव समाजबांधवांच्या कानी असते. चरित्र मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाड येथे चर्मकार कुटुंबात झाला. पुण्यास पारशी मंडळींच्या मैदानावर झाडलोट करण्याचे व रूळ फिरविण्याचे काम त्यांनी दरमहा ३ रुपयांवर पत्करले; पुढे युरोपियनांच्या पूना क्लबात ४ रुपये मिळू लागले. तेथे कॅप्टन ग्रेग या नामांकित फलंदाजास ते तासन् तास चेंडू टाकीत. बॅट मात्र नोकराच्या हाती कोण देणार? या चाकरीतच त्यांचा हात तयार झाला. हिंदूंच्या क्लबाने त्यांस संघात घेतले खरे, परंतु चहाच्या वेळी त्यांचा चहा मंडपाबाहेर मातीच्या भांड्यातून येई. त्यांच्या हातचा चेंडू मात्र कोणास विटाळ करीत नसे!

पुढे ते मुंबईस आले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला, त्यात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेलेल्या संघातर्फे त्यांनी सर्व सामने मिळून ११४ बळी मिळविले. एवढे होऊनही कर्णधारपद त्यांस कधीच लाभले नाही. १९२० साली या अन्यायाच्या निषेधार्थ बंधू विठ्ठल व शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतले, तेव्हा कोठे बाळूंस उपकर्णधार नेमण्यात आले. १९२३ साली मात्र विठ्ठलराव हिंदू संघाचे कर्णधार झाले. थोरल्या बंधूंच्या वाट्यास न आलेला मान धाकट्यास मिळाला.

डॉ. आंबेडकर यांस बाळूंचा अभिमान होता; परंतु स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर दोघांचे मार्ग भिन्न झाले. १९३२ च्या पुणे करारावर बाळूंचीही सही आहे. १९३७ च्या मुंबई विधानसभा निवडणुकीत काँग्रेसने त्यांस डॉक्टरांविरुद्ध उभे केले. डॉक्टरांस १३,२४५ व बाळूंस ११,२२५ मते पडली. त्यांच्या या भूमिकेशी सहमत होणे आम्हांस कठीण वाटते. तथापि ती त्यांनी उघडपणे घेतली होती, हे नमूद केले पाहिजे.

दिनांक ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले.