दिवसापुरत्या भाकरीचे आभार

आमच्या घरी ताटावर हात जाण्यापूर्वी आभाराची प्रार्थना होते. आजीने लावलेली ही सवय. रात्री अंथरुणावर पडण्यापूर्वी दिवसभरात मिळालेल्या गोष्टी देवापुढे एकेक करून मोजायच्या, ही दुसरी. लहानपणी आम्हा भावंडांची त्यात चढाओढ लागे. कैरी मिळाली, शाळेत मार बसला नाही, पाऊस आला! संसारात पडल्यावरही ही मोजणी चालू राहिली. तीन वर्षांपूर्वी माझे यजमान गेले आणि ती थांबली. डोळे मिटले तरी शब्द येईनात. ज्याने नेले त्याचेच आभार कसे मानायचे, हा प्रश्न मनात घर करून बसला.

त्या दिवसांत पंडिता रमाबाईंचे चरित्र पुन्हा हाती आले. शाळेच्या धड्यात भेटलेल्या रमाबाई वेगळ्या आणि साठी उलटल्यावर भेटलेल्या वेगळ्या.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवले म्हणून त्यांनी समाजाचा रोष पत्करला. त्याच आईने रमाबाईंना शिकवले. कुटुंब तीर्थाटन करीत, पुराणे सांगत गावोगाव फिरे. मग दुष्काळ आला. होते ते सारे विकून झाले आणि १८७४ च्या सुमारास थोड्याथोड्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण गेली. आजारी आईसाठी भाकरीचा तुकडा मागायला रमाबाई शेजारणीच्या दारी गेल्या, तेव्हा लाजेने त्यांच्या तोंडून शब्द फुटेना, डोळ्यांतून पाणी मात्र वाहू लागले. तो तुकडा त्या आयुष्यभर विसरल्या नाहीत.

उरलेल्या भावाबरोबर त्या पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचल्या. तिथल्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधवी या वकिलाशी त्यांनी विवाह केला, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने तेही गेले. वय अवघे तेवीस आणि मांडीवर वर्षाचीही न झालेली मनोरमा!

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. पुण्यात आर्य महिला समाज, १८८३ मध्ये इंग्लंड, त्याच वर्षी तिथे बाप्तिस्मा, मग अमेरिका, आणि १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन. पण बाप्तिस्म्यापाशी त्यांचा शोध संपला नाही. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, परंतु ख्रिस्त अजून भेटलेला नाही, असे त्यांना पुढे तीव्रतेने जाणवले. ही भेट व्हायला सुमारे आठ वर्षे जावी लागली. १८९३ मध्ये धर्मांतराच्या आरोपावरून पुण्यात वादळ उठले. रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. सदनातल्या कितीतरी मुलींना पालक घरी घेऊन गेले.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. ती वार्ता ऐकताच रमाबाईंना आपली उपासमार आठवली आणि त्या तिकडे धावल्या. सुमारे तीनशे मुली-बायका त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध लागले, म्हणून त्यांना केडगावला, सदनासाठी घेतलेल्या शेतावर ठेवावे लागले. हेच ते मुक्ती. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

घरात दहा पाहुणे अचानक आले तर आपली तारांबळ उडते. इथे रोज इतक्या जणींचे जेवण! अमेरिकेतल्या संस्थेने मदतीचे वचन दिले होते ते दहा वर्षांचे, आणि ती मुदतही संपलेली. रमाबाई प्रार्थना करीत आणि आलेले धान्य देवाने धाडले म्हणून त्याचे आभार मानीत. त्या दुष्काळात मुक्तीच्या विहिरी संध्याकाळी उपसून कोरड्या होत, सकाळी पुन्हा दिवसापुरते पाणी साठलेले असे, अशी आठवण सांगितली जाते. दिवसापुरतेच! उद्याचे पाणी आज नाही.

मात्र त्यांनी नुसते हात जोडले नाहीत. मुलींना विणकाम, शेती, छपाई शिकवली. आंधळ्यांसाठी बार्तिमी सदन काढले, ब्रेल शिकवले. मिळालेल्या भाकरीची पोच दुसऱ्याच्या ताटात भाकरी वाढून द्यायची, अशीच जणू त्यांची उपकारस्तुती होती.

शेवटही सोपा नव्हता. कान केव्हाच अधू झाले होते. कामाचा भार जिच्यावर सोपवायचा ती मनोरमा १९२१ च्या जुलैत गेली. रमाबाई तरीही बायबलाच्या मराठी भाषांतराची मुद्रिते तपासत राहिल्या. ते काम हातावेगळे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी डोळे मिटले. मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्या बायकांच्या हातून तो ग्रंथ छापला गेला.

१९०७ मध्ये रमाबाईंनी स्वतःची छोटी कहाणी लिहिली. आपल्यावरचे आघात त्यांनी तीत लपवले नाहीत, गोडही केले नाहीत. तरी सारी कहाणी म्हणजे एक उपकारस्तुतीच आहे. ते वाचताना माझी चूक ध्यानात आली. गेलेल्याचे आभार मानायला मला कोणी सांगितलेच नव्हते. त्यासाठी रडायचे, देवापुढेच रडायचे. आभार मानायचे ते आजच्या भाकरीचे.

त्या रात्री खूप दिवसांनी मी मोजायला बसले. शेजारणीने आणून दिलेली पालेभाजी. लेकीचा फोन. यजमानांसोबतची एकोणचाळीस वर्षे मात्र मी मोजली नाही. ती मोजायचे बळ अजून नव्हते. दोनच गोष्टी झाल्या आणि झोप लागली.

आता पालेभाजी निवडताना एक जुडी जास्तच घेते. शेजारच्या इमारतीत एक एकटे आजोबा राहतात.