प्रकाशावरून उष्णता वाचणारे नॉर्मन लॉकियर

लोहाराच्या भट्टीत तापणारे कोयत्याचे पाते प्रथम काळपट तांबडे, मग नारिंगी, पुढे पिवळे व अखेरीस पांढरेशुभ्र दिसू लागते, हे आमच्या जोयडा तालुक्यातील मुलांस सांगावयास नको. वस्तू जसजशी तापते, तसतसा तिचा प्रकाश वाढतो व त्याचा रंगही पालटतो. आकाशातही हाच नियम चालतो. तांबूस काक्षीचा पृष्ठभाग सुमारे ३,२००, आपल्या सूर्याचा ५,५००, तर शुभ्र व्याधाचा सुमारे ९,६०० अंश सेल्सिअस तप्त आहे. अशा प्रकाशाचा अर्थ लावण्यात ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्या सर नॉर्मन लॉकियर यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

लॉकियर यांचा जन्म १७ मे १८३६ रोजी इंग्लंडातील रग्बी येथे झाला. उपजीविकेसाठी ते युद्धखात्यात कारकुनी करीत आणि फावल्या वेळी दुर्बिणीस वर्णपटदर्शक जोडून सूर्य न्याहाळीत. ऑक्टोबर १८६८ मध्ये सूर्याच्या कडेवरील ज्वालांच्या वर्णपटात त्यांना एक पिवळी रेषा आढळली. ती कोणत्याही परिचित मूलद्रव्याशी जुळेना. त्या अज्ञात द्रव्यास हेलियम हे नाव मिळाले. पुष्कळांनी शंका घेतली; परंतु १८९५ साली रॅम्से यांना तोच वायू पृथ्वीवरील खनिजात सापडला.

हा शोध विजयदुर्गावर लागला, असे कोकणात अनेकदा सांगितले जाते. ते खरे नव्हे. १८६८ साली लॉकियर इंग्लंडातच होते. विजयदुर्गास ते आले तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी. सूर्यबिंब झाकले जाताच त्याच्या कडेवरील पातळ थराचा वर्णपट क्षणभर उजळतो. तो टिपणे हे त्यांच्या पथकाचे एक मुख्य काम होते.

त्यामागे एक मोठा प्रश्न होता. एकाच धातूची वाफ साध्या ज्वाळेत काही रेषा देते, विजेच्या प्रखर ठिणगीत मात्र निराळ्याच रेषा ठळक होतात. यावरून, अतिउष्णतेत मूलद्रव्येच विघटित होत असावीत, असे लॉकियर यांचे मत बनले. समकालीन पंडितांनी ते मानले नाही.

१६ ऑगस्ट १९२० रोजी लॉकियर निवर्तले. त्याच वर्षी ऑक्टोबरात मेघनाद साहा या बंगाली शास्त्रज्ञाचा निबंध प्रसिद्ध झाला. अतिउष्णतेत अणूंमधील इलेक्ट्रॉन निखळतात व त्यामुळे रेषा पालटतात, हे साहांनी गणिताने दाखविले. लॉकियर यांचे अनुमान जसेच्या तसे टिकले नाही. पण रेषांवरून उष्णता कळते, ही त्यांची दृष्टी खरी ठरली.

विजयदुर्गास न लागलेल्या शोधाचे श्रेय घेण्याची गरज नाही. उत्तराच्या शोधात एक वृद्ध संशोधक सातासमुद्रांपलीकडून तेथे आला, हा खरा मानही थोडा नव्हे. विद्यार्थ्यांनी तोच स्मरणात ठेवावा, असे आम्हांस वाटते.